अर्धा ड्रम

निवृत्त झाल्यावर नव्यानं ओळख झालेली माणसं विचारतात, "बाई, तुम्ही काय काम करत होतात?" मी सांगते, "धुलाई केंद्र चालवत होते." की लगेच समोरच्याचा चेहरा जरा उतरतो. "म्हणजे लोकांची धुणी धुवायचात?" नाही हो. लोकांची धुणी लोकच धुवायचे. मी नुसती बघत उभी राहायचे आणि त्याचा मला पगार मिळायचा. अशी नोकरी आमच्या बीड जिल्ह्यात माझ्याआधी कुणी केल्याचं ऐकिवात नाही, आणि माझ्यानंतर कुणी करेल असंही वाटत नाही.

आमचं गाव कडा या बाजारगावापासून जवळ. गावात बायकांची सहकारी संस्था होती. पापड, शेवया, शिवणकाम असं सगळं करून दमलेली. एकदा आमच्या चेअरमनबाई पुण्याला लेकीकडे गेल्या आणि तिथं एक दुकान पाहून आल्या. दुकानात ओळीनं मशिनी मांडलेल्या. गिऱ्हाइकानं आपले कपडे आपणच आणायचे, आपल्या हातानं मशीनमध्ये घालायचे, टोकन टाकायचं, तासभर बसायचं आणि धुतलेले कपडे घेऊन घरी जायचं. चेअरमनबाईंना ते इतकं आवडलं की पुढच्याच सभेत त्यांनी ठराव मांडला. सभासदांपैकी कुणालाच काही कळलं नव्हतं, त्यामुळे ठराव एकमतानं मंजूर झाला. मी संस्थेत शिवण शिकवत होते. बारावी झालेली मी एकटीच, म्हणून मला आठ दिवस पुण्याला शिकायला धाडलं, आणि गोल काचेच्या दाराच्या पाच मशिनींची मी व्यवस्थापक झाले.

पहिले चार महिने कुणी फिरकलं नाही. बायका दारापर्यंत यायच्या, पदर तोंडाला लावून काचेतून बघायच्या आणि जायच्या. एक म्हातारे मामा मात्र आठवड्याला न चुकता यायचे. आपला फेटा मशीनमध्ये घालायचे आणि काचेसमोर मांडी ठोकून बसायचे. बाहेरून कुणी हटकलं तर म्हणायचे, "गप बे, माजा फेटा फिरायलाय." त्यांचा एकट्याचा फेटा किती मळणार? पण त्या चार महिन्यांत केंद्राची अब्रू त्यांनीच राखली.

बायका का येत नाहीत हे कळायला मला वेळ लागला. आमच्याकडची बाई कामानं दमत नाही, पण रिकामी बसली की तिला घाम फुटतो. धुणं मशीन करते आणि आपण बाकावर बसलोय, हे कुणी पाहिलं तर? "हात मोडलेत का तिचे?" असं सासू म्हणायच्या आधी शेजारीणच म्हणते. तेव्हा आम्हाला अशा धंद्याची जोड पाहिजे होती, जिथं बसून राहण्याला कुणी नावं ठेवत नाही.

चेअरमनबाईंनी आधी टीव्ही आणून बसवला. माणसं भरपूर आली, धुणं घेऊन एकही नाही. मग झेरॉक्सचं यंत्र आणलं. पण झेरॉक्सला आलेला माणूस हातात सातबारा घेऊन येतो, लुगडी घेऊन नव्हे. तो नादही सुटला. शेवटी मला सुचलं ते गिरणीचं. पिठाच्या गिरणीवर बाई तास तास बसते, डबा नंबरात लावून गप्पा मारते, आणि घरी कुणी ब्र काढत नाही.

गिरणी केशरबाईची होती. केशरबाई म्हणजे तुळशीराम अण्णांची बायको. अण्णा गावातले मोठे शेतकरी, पांढरंशुभ्र धोतर, नेहरू शर्ट, टोपी, आणि बोलणं मोजकं. त्यांच्या गिरणीची खोली रस्ता रुंद होताना पाडली गेली होती. मी केशरबाईला म्हटलं, "आमच्याकडं जागा हाय, या." मी बौद्धवाड्यातली, तिचं घर वरच्या आळीत. पण तिनं जागा पाहिली, वीज कुठून येते ते विचारलं आणि म्हणाली, "उद्या गाडीत घालून आनते. अण्णाला मी सांगते."

पहिल्याच दिवशी आमची फजिती झाली. मशीनमधून निघालेले ओले कपडे मी खोलीतच दोरीवर टाकले होते. गिरणी सुरू झाली, पीठ उडालं आणि दोरीवरच्या कपड्यांवर जाऊन बसलं. मी ते झटकायच्या ऐवजी ओल्या हातानं पुसायला गेले. एका बाईच्या परकराची तर नुसती भाकरी थापायची बाकी राहिली होती. ती बाई भांडायला उभी राहिली, आणि केशरबाई गिरणीच्या तोंडाशी बसून इतकी हसली, इतकी हसली, की भांडणारीलाही हसू फुटलं. "सुमन," ती मला म्हणाली, "तुज्या पुन्याच्या मास्तरनं ह्ये न्हाई का शिकवलं?" तेव्हापासून मी तिची सुमन झाले. बाकी वरच्या आळीला मी सुमनबाई होते, फार तर मॅडम.

मग मध्ये फळ्यांची भिंत घातली. भिंतीच्या अलीकडे गफूरभाई टेलर येऊन बसले. आता बाईनं यायचं, डबा नंबराला लावायचा, कपडे मशीनमध्ये टाकायचे, गफूरभाईंकडे साडी फॉल लावायला द्यायची, आणि तिन्ही होईपर्यंत हक्कानं बसायचं. केंद्र चालायला लागलं. बाहेरगावचे लोक बघायला यायचे, तेव्हा चेअरमनबाई त्यांना सांगायच्या की ही सगळी कल्पना त्यांचीच. मी त्यांचं बोलणं कधी खोडलं नाही.

पण एक गोष्ट मला सलायची. वरच्या आळीच्या बायका मशीनजवळ आल्या की सहज विचारल्यासारखं विचारायच्या, "ह्येच्यात आदी कुनाचं व्हतं?" उत्तर ऐकून कुणी टाकायची, कुणी म्हणायची, "मी मागून येते." हळूहळू दाराजवळची पाचवी मशीन आमच्या वाड्याची झाली. कुणी ठराव केला नव्हता, पाटी लावली नव्हती. माझा स्वभाव तोंडाळ. मी मुद्दाम बाकीच्या चारही मशिनींत माझं धुणं लावायचे आणि कुणी विचारलं की ठणकावून सांगायचे, "माजं व्हतं. माज्या लेकराच्या चड्ड्या व्हत्या." केशरबाई पलीकडून ऐकायची आणि काही बोलायची नाही.

दुसऱ्या वर्षी पाऊस आलाच नाही. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तर गावातल्या विहिरी तळाला गेल्या. माळावर जनावरांची छावणी पडली. गुरांसोबत माणसंही तिथंच राहायला गेली, चार बांबू आणि वर कापड एवढ्या आडोशाला. गावात पाणी राहिलं ते तुळशीराम अण्णांच्या एका बोअरला. अण्णांनी छावणीला पाणी दिलं, आणि केशरबाईच्या शब्दाखातर केंद्राला रोज एक टाकी. चेअरमनबाई मला म्हणाल्या, "सुमनबाई, पाणी हाय तवर केंद्र हाय. अण्णांनी पाणी तोडलं की मशिनी विकून टाकायच्या. लोकांच्या तोंडाला पाणी न्हाई आन आपण धुणी धुतोय, हे मला झेपायचं न्हाई." मला दोन लेकरं, नवरा गेलेला. ते केंद्र गेलं असतं तर मी काय केलं असतं, याचा विचार मी दिवसा करायची नाही.

दुष्काळात धुलाई केंद्र कशाला, असं तुम्हालाही वाटेल. पण हातानं धुवायला जितकं पाणी लागतं त्याहून या आडव्या मशीनला कितीतरी कमी लागतं. शिवाय आम्ही शेवटी कपडे खळबळलेलं स्वच्छ पाणी पिंपात धरायचो आणि पुढच्या धुण्याला पहिलं पाणी म्हणून तेच वापरायचो. साबणाचं पाणी छावणीच्या वाटेवर शिंपडायचो, धुरळा बसायला. अट एकच, एकच मशीन चालवायची आणि ड्रम भरल्याशिवाय लावायची नाही. आणि एका घराच्या धुण्यानं ड्रम भरत नव्हता. माणसांनी कपडेच चार ठेवले होते, आलटून पालटून घालायला.

या अटीच्या पहिल्या दिवशी मी माझे कपडे मशीनमध्ये टाकून उभी होते. ड्रम अर्धा. बाकावर सात-आठ जणी आपापली गाठोडी मांडीवर घेऊन बसलेल्या. कुणी उठेना. मीही कुणाचं गाठोडं मागेना. गिरणी थांबली. केशरबाई फळीच्या पलीकडून आली, कोपरापर्यंत पिठानं पांढरी. हातातलं गाठोडं सोडलं, अण्णांचं धोतर, आपलं लुगडं, सगळं माझ्या कपड्यांवर कोंबलं आणि म्हणाली, "अर्धा डरम तुजा, अर्धा माजा. लाव."

मी दार लावलं. सगळ्याजणी काचेकडे बघत होत्या. माझ्या लेकराची चड्डी आणि अण्णांचं धोतर एकमेकांत गुंतून फिरत होतं. त्या मामांसारखं मलाही वाटलं की इथंच मांडी ठोकून बसावं.

आठवडाभरात सगळ्या आल्या. कुणाचा अर्धा ड्रम कुणाबरोबर, याच्या जोड्याच पडल्या. कपडे एकमेकांत जाऊ नयेत म्हणून गफूरभाईंनी प्रत्येक घराला एक रंग दिला आणि कपड्याच्या कोपऱ्यात त्या रंगाचा दोरा घालून दिला. केशरबाईचा पिवळा, माझा लाल. दुपारी छावणीतल्या बायका यायच्या, एकमेकींचं डोकं विंचरायच्या, डाळ निवडायच्या, कुणाची गाय व्यायली, कुणाची पडली, सांगायच्या. कुणी रडायचीही. "आदी कुनाचं व्हतं?" हा प्रश्न कुठं गेला ते कळलं नाही. मला आज त्या उन्हाळ्याची फार आठवण येते, आणि हे लिहिताना लाजही वाटते. लोकांची जनावरं मरत होती. पण मला माझ्या सबंध नोकरीत तेवढं सुख पुन्हा मिळालं नाही, हे खरं आहे.

मग एप्रिलात जयंती आली. दुष्काळ असला तरी जयंती व्हायचीच. त्या वर्षी मिरवणुकीच्या रस्त्यावरून गावात दोन दिवस कुरबुर झाली होती. शेवटी मिरवणूक निघाली, पार पडली, पण वातावरण जरा ताणलेलंच राहिलं. मी त्या दिवशी नवी निळी सुती साडी नेसले होते. दुसऱ्या दिवशी ती धुवायला काढली. केंद्राच्या भिंतीवर माझ्याच अक्षरात पाटी होती, "नवा रंगीत कपडा एकटा धुवावा." पण एकट्या साडीसाठी ड्रम कसा लावणार? मी ती रात्रभर मिठाच्या पाण्यात भिजवली होती. मला वाटलं, आता काही रंग जात नाही. धुलाईतलं सगळं मला कळतं, असा माझा तोरा होता. केशरबाईनं विचारलंही, "रंग जायचा न्हाई ना गं?" मी म्हटलं, "मी हाय ना."

तासाभरानं मी दार उघडलं. अण्णांची तिन्ही धोतरं, शर्ट, टोपी, सगळ्यांवर निळे पट्टे. अण्णा छावणीच्या समितीवर होते, दुसऱ्या दिवशी त्यांची तहसीलला बैठक होती. मी म्हटलं, पुन्हा धुवू. केशरबाई म्हणाली, "पानी कुटं हाय?" आणि ती ते कपडे तसेच घेऊन घरी गेली.

संध्याकाळ व्हायच्या आत अण्णा स्वतः केंद्रात आले. हातात शर्ट. बाकावर वीसेक बायका होत्या. केशरबाई पुन्हा गिरणीवर आली होती.

"ह्ये काय झालं?" अण्णांनी विचारलं.

माझी निळी साडी बाहेर दोरीवर वाळत होती. दारातून सरळ दिसत होती.

केशरबाई फळीआडून म्हणाली, "नीळ जादा पडली माज्या हातून. ध्यान न्हवतं."

अण्णांनी शर्ट एकदा उलटसुलट केला. मग माझ्याकडे पाहिलं. "सुमनबाई, तुमी मशीनमधी नीळ टाकू देता का?"

मशीनमध्ये नीळ टाकायची नाही, हाही माझ्याच पाटीवरचा नियम होता. मला एवढंच म्हणायचं होतं की अण्णा, चूक माझी आहे, साडी माझी आहे. पण मला डोळ्यांसमोर पाण्याची टाकी दिसली, ती कुरबुर आठवली, चेअरमनबाईंचं बोलणं आठवलं. माझी लेकरं आठवली. मी हातातलं फडकं घेतलं आणि मशीनच्या दाराचं रबर पुसायला लागले. आधीच पुसलेलं रबर मी आणखी पुसत राहिले.

"धुन्यातलं एवढंबी कळंना व्हय तुला?" अण्णा केशरबाईला म्हणाले. आणखीही बरंच बोलले, सगळ्या बायकांसमोर. ती मान खाली घालून पायली झाडत होती. मग ते गेले.

पाणी थांबलं नाही. दुसऱ्या दिवशी टाकी नेहमीसारखी भरून आली. अण्णा तोच पट्ट्यांचा शर्ट घालून बैठकीला गेले. पण गिरणीवर केशरबाई आली नाही, तिचा पुतण्या आला. मी त्याला विचारलं, "काकू कावून आली न्हाई?" तो म्हणाला, "काय म्हाईत." मी समजले की अण्णांनी तिला अडवलं. मला अण्णांचा संताप आला. एवढ्यातेवढ्या डागापायी बायकोला घरात कोंडणारा माणूस, असं मी चार जणींना बोलूनही दाखवलं. तोंडाळ बाई आता बोलायला लागली होती. त्यांच्या दारात मी पाय ठेवायची नाही, असं मी ठरवलं आणि पाळलं. माझं दळण मी त्या पुतण्याकडेही देईना, बाजाराच्या दिवशी कड्याहून दळून आणायचे.

आषाढात पाऊस पडला. छावणी उठली, नदीला पाणी आलं. लोक आपापल्या घरी गेले, धुणीही गेली. पुढं पाइपानं पाणी आलं, घरोघरी मशिनी आल्या. आपली मशीन, आपला ड्रम. केंद्र तरीही बरीच वर्षं रखडत चाललं, कधी गफूरभाईंच्या जोरावर, कधी गिरणीच्या. मुकादमाच्या टोळ्या ऊसतोडीहून परतल्या की काळ्या पडलेल्या वाकळा घेऊन यायच्या, तेवढे दिवस गर्दी. केशरबाई वाटेत दिसायची. "बरी हायेस का?" "बरी हाय." एवढंच. तिच्या हातांवरचं पीठ गेलं होतं आणि ती मला अनोळखी वाटायची. मी निवृत्त झाले, मशिनी भंगारात गेल्या, मी बीडला मुलाकडे आले.

यंदा केशरबाई गेली. तेरावा झाल्यावर मी अण्णांना भेटायला गेले. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा त्या दारात. अण्णा थकलेत, ऐकू जरा कमी येतं. मी जोरात, स्पष्ट सांगितलं, "अण्णा, त्या दिवशी केशरबाईच्या हातून नीळ पडली नव्हती. साडी माझी होती."

अण्णा म्हणाले, "ठावं हाय की. नीळ कुटं अशी पट्ट्यानं लागती? आन साडी दोरीवर व्हती, मी काय आंदळा व्हतो?"

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"तुमालाच इचारलं व्हतं. तुमी रबर पुसत बसलात."

मी म्हटलं, "तुम्ही पाणी तोडाल म्हणून भ्याले."

अण्णांनी खरंच विचार केला. "राग लई आलता. एखादा दिस तोडलंबी असतं. मंग सोडलं असतं. केसर घरात राहू देती व्हय मला?"

"मग तिला का अडवलंत?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"कुनी, मी?" अण्णा म्हणाले. "मी कुटं अडवलं? मीच म्हनायचो, जा की गिरनीवर. ती म्हनायची, डरम अर्धा अर्धा व्हता, बोलनं तेवढं सगळं माज्या वाट्याला आलं. आता सुमन बोलवंल तवा जाईन." मग म्हणाले, "लई दिस वाट बगितली तिनं. दळन घिऊन तरी येशीला म्हनून."

घरातून चहा आला. मी तो प्याले. मला रडू आवरलं नाही आणि अण्णांनी मला आवर असं म्हटलंही नाही.

मुलाकडे मोठी मशीन आहे. माझे कपडे मी माझे लावते. सूनबाई म्हणते, "आई, ड्रम भरून लावत जा, पाणी वाया जातं." तिचं बरोबर आहे. सगळी नोकरी मी लोकांना हेच सांगितलं. मी तिला हो म्हणते, माझे कपडे एका बाजूला सारते, आणि दार लावायच्या आधी थोडा वेळ उघडंच ठेवते.